हलणारी शिरोरेषा : २७ इंची ओएलईडी मॉनिटर, सात महिन्यांनंतर

मी डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावते. हल्ली हा शब्द कुणी वापरत नाही, पोरं 'लेआउट आर्टिस्ट' वगैरे म्हणवून घेतात, पण माझ्या बिलावर अजून डीटीपी असंच छापलेलं आहे. सुरुवात पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे मराठी फाँट यांवर, आता त्यांच्या जागी इनडिझाइन आणि युनिकोड. सदाशिव पेठेत राहत्या घरातच मधल्या खोलीत टेबल टाकलंय. जून ते सप्टेंबर दिवाळी अंकांचा हंगाम, त्या चार महिन्यांत मला पाहुणे चालत नाहीत.

हे आधीच सांगते, कारण हा मॉनिटर ज्यांच्यासाठी बनवलाय त्यांच्यात मी मोडत नाही. तो गेम खेळणाऱ्या पोरांसाठी आहे. खोक्यावर आग ओकणारं अंतराळयान होतं. घ्यायला लावला भाच्यानं. "मावशी, एकदा ओएलईडीवर काळा रंग बघ, मग बोल," असं म्हणाला. बघितला आणि बोलती बंद झाली. बावन्न हजार मोजले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्या गोष्टीनं मला दीड महिना छळलं ती या जातीच्या बहुतेक मॉनिटरांत असतेच, आणि सर्व्हिसबद्दल जे लिहिणार आहे तो माझा एकटीचा एकदाचा अनुभव आहे.

आधी चांगलं. माझ्या जुन्या आयपीएस, म्हणजे नेहमीच्या एलसीडी जातीच्या, मॉनिटरवर काळा म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी. मागे दिवा सतत जळत असतो, त्याचा उजेड कितीही अडवला तरी झिरपतोच. ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि काळा हवा असेल तिथे सरळ विझतो. एका अंकाचं मुखपृष्ठ रात्रीच्या घाटाचं होतं, नदीत दोनच पणत्या. जुन्या पडद्यावर त्या पणत्या ठिपक्यांसारख्या दिसायच्या, इथे अंधारात लावल्यासारख्या दिसल्या. चित्रकाराला घरी बोलावून दाखवलं. तो पाच मिनिटं गप्प उभा होता, मग म्हणाला, "छापून असं येणार नाही." ते खरंच होतं.

आता मूळ तक्रार.

चौथा दिवस. एका कथेचं पान चारशे टक्के मोठं करून बसले होते. नवीन फाँट होता आणि 'दुसऱ्या'मधल्या त्या ऱ्यापाशी शिरोरेषा जुळत नाही असं वाटत होतं. काही फाँटांत दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेला केसाएवढी फट राहते, छापल्यावर ती चांगलीच दिसते. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठले, गॅस बंद केला, परत आले. पान वर गेलेलं. मोठं काही नाही, एखाद्या केसाएवढं. पण माझं अख्खं आयुष्य असल्या केसांवर गेलंय. छापखान्यात एक रंग अर्धा मिलिमीटर सरकला की मुखपृष्ठावरच्या बाईला दोन ओठ होतात, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरला मी नगण्य मानत नाही.

माउसला धक्का लागला असेल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी बघते तर पडद्याच्या वरच्या कडेला चौकटीला लागून बारीक काळी फट. रात्री ती फट वर नव्हती, खाली होती.

मी जुन्या जमान्यातली असल्यामुळे पहिला संशय विजेवर. १९९८ साली नारायण पेठेत एका ऑफिसात कामाला होते तेव्हा सतरा इंची काचेचा, म्हणजे जुना नळीवाला मॉनिटर होता आणि त्यावरचं चित्र जेलीसारखं थरथरायचं. मालकांनी दोन मॉनिटर बदलले. शेवटी कळलं की शेजारी लोखंडी स्टँडवर ठेवलेला स्टॅबिलायझर हे करत होता. त्या जुन्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकानं वळवून चित्र काढलं जायचं, आणि स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व त्या झोताला सेकंदाला ५० वेळा हलकं ओढायचं. पडदा ताजा व्हायचा ६० वेळा. दोघांतला फरक १०, म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा डुलायचं. स्टॅबिलायझर दोन फूट लांब नेला आणि थरथर थांबली. त्यामुळे आताही मी पहिल्यांदा टेबलाखालचा यूपीएस ओढून खिडकीपाशी नेला. ढिम्म फरक नाही. पडणार तरी कसा, या पडद्यात वळवायला झोतच नाही. शिवाय थरथर वेगळी आणि सरकणं वेगळं. इथे चित्र स्थिर असायचं, फक्त जागा बदलून स्थिर असायचं. हा भेद मी पहिल्याच दिवशी केला असता तर बराच वेळ वाचला असता.

मग चष्मा. माझा प्रोग्रेसिव्ह आहे, लांबचं-जवळचं एकाच काचेत, मान जरा खाली-वर झाली की ओळी वाकतात. लक्ष्मी रोडवर जाऊन नंबर तपासून आले. नंबर तोच. टेबल हलतंय का बघायला वाटीत पाणी ठेवून बसले, हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, इथेच सांगते.

शेवटी नीट मोजायचं ठरवलं. मॉनिटरच्या चौकटीवर सेलोटेपची पट्टी लावली (चौकटीवर, पडद्यावर नव्हे, पडद्याच्या कोटिंगला असलं काही चिकटवू नका), आणि एका ओळीची शिरोरेषा जिथे चौकटीला भिडते तिथे पेन्सिलीनं खूण केली. खुर्ची हलवायची नाही, डोकं भिंतीला टेकवून बघायचं, दर दहा मिनिटांनी वहीत नोंद. दोन तासांनी वहीत जे उमटलं ते बघून मला हसूच आलं. वर एक, उजवीकडे एक, खाली एक, परत खाली, डावीकडे. चित्र देवळाला प्रदक्षिणा घालत होतं.

यानंतरच्या दोन चाचण्या मात्र कुणीही कराव्यात अशा आहेत.

पहिली, स्क्रीनशॉट. सकाळी एक काढला, फट दुसऱ्या बाजूला गेल्यावर दुसरा काढला, आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघितले. तंतोतंत जुळले. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात पान जागचं हललेलंच नव्हतं. विंडोजचं मॅग्निफायर चुकून सुरू झालं की पडदा माउसच्या मागे मागे धावतो, किंवा ग्राफिक्स कार्डात पडद्यापेक्षा मोठं रेझोल्यूशन निवडलं गेलं की कडेला माउस नेताच सगळं चित्र सरकतं. पण ते माउसच्या तालावर होतं. माझं चित्र तर मी स्वयंपाकघरात असतानाही फिरत होतं.

दुसरी चाचणी, मॉनिटरचा स्वतःचा मेनू. मागच्या बटणानं जी चौकट उघडते, ब्राइटनेस वगैरेची, ती कॉम्प्युटर काढत नाही, मॉनिटर काढतो. तो मेनू उघडा ठेवून त्याच्या कडेची पट्टीवर खूण केली. मेनूही फिरला. केबल बदलून पाहिली, भाच्याचा लॅपटॉप जोडून पाहिला, प्रदक्षिणा चालूच. गुन्हेगार मॉनिटर, यात शंका उरली नाही. आता कंपनीला फोन.

फोनवरच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून परत टाकायला सांगितला. मी म्हटलं, अगं, मॉनिटरचा मेनूच हलतोय, ड्रायव्हरचा काय संबंध? "मॅम, ही स्टेप केल्याशिवाय तिकीट पुढे जात नाही." केली. मग फॅक्टरी रिसेट. केला, रंगांची सगळी सेटिंग्ज गेली. नवव्या दिवशी एक मुलगा घरी आला. चांगला मुलगा होता, चहा घेतला, मोबाइल स्टँडवर लावून दहा मिनिटं व्हिडिओ काढला आणि म्हणाला, "मॅडम, एकदम स्टेबल आहे." त्याला वही दाखवली. त्यानं वहीचा फोटो काढला. मी म्हटलं, चाळीस मिनिटं बस. त्याला अजून कात्रज आणि वारज्याला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मेल, समस्या आढळली नाही, तिकीट बंद.

माझा राग त्या मुलावर नाही. त्याला कुणी सांगितलंच नसावं. राग आहे तो बावन्न हजारांच्या खोक्यात घातलेल्या घडीच्या कागदावर, ज्यावर स्टँड कसा जोडायचा याची सहा चित्रं आहेत आणि चित्र आपोआप सरकेल याबद्दल एक ओळ नाही.

उत्तर मिळालं ते गोरेगावला मालिकांचं एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीकडून, आणि तेही भलत्याच कामासाठी केलेल्या फोनवर. मी रडगाणं सुरू केलं तशी ती हसायला लागली. "अगं, तो फिरतोच. पिक्सेल शिफ्ट म्हणतात त्याला. मेनूत जाऊन बघ, ओएलईडी केअर असं काहीतरी असेल."

होतं. चौथ्या पानावर, सर्वांत खाली.

यामागचं कारण एकदा कळलं की रागावताही येत नाही. ओएलईडीतला प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, त्यामुळे स्वतः झिजतोही. जो ठिपका जास्त वेळ आणि जास्त प्रखर पेटला तो लवकर मंदावतो. विंडोजची खालची पट्टी, इनडिझाइनची टूलची चौकट, या दिवसभर एकाच जागी असतात. महिनोन्‌महिने असंच चाललं की त्या जागेचे ठिपके इतरांपेक्षा वेगळे झिजतात आणि पुढे कोणतंही चित्र लावा, मागे त्या पट्टीची भुताटकी दिसते. काचेच्या मॉनिटरांच्या काळातही हे होतं, स्क्रीनसेव्हर नावाचा प्रकार त्यासाठीच तर आला. इथे उपाय असा केलाय की मॉनिटर अख्खं चित्र दर थोड्या वेळानं एखाद-दोन ठिपके इकडे तिकडे सरकवतो. त्यासाठी पडद्याच्या भोवती ठिपक्यांच्या काही जादा ओळी राखून ठेवलेल्या असतात, आणि माझी ती काळी फट म्हणजे त्या क्षणी न वापरलेल्या जादा ओळी. या पडद्यावर एक ठिपका पाव मिलिमीटरहून किंचित लहान आहे. माझ्या वहीतला अर्धा मिलिमीटर बरोबर होता, एवढं समाधान.

माझ्या मॉडेलमध्ये हा प्रकार पूर्ण बंद करता येत नाही. हळू, मध्यम, जलद, एवढेच पर्याय. काही कंपन्या बंद करण्याचीही सोय देतात, घ्यायच्या आधी दुकानात मेनू उघडून बघा. मी हळूवर ठेवलाय. अजूनही सरकतो, पण आता फट दिसली की मी घड्याळ बघते आणि पाणी प्यायला उठते.

त्याच मेनूत आणखी एक गोष्ट सापडली आणि ती जास्त महत्त्वाची निघाली. साधारण चार तास पडदा चालला की कोपऱ्यात एक सूचना यायची, पिक्सेल रिफ्रेश करू का? हंगामात चार तासांनी कोण थांबतंय, मी दर वेळी 'नंतर' दाबायचे. ही ठिपक्यांची झीज तपासून समतोल करण्याची क्रिया आहे, पडदा स्टँडबायला असताना काही मिनिटं चालते. तुम्ही 'नंतर' म्हटलंत तरी रात्री मॉनिटर बंद केल्यावर तो आपणहून ते काम उरकतो. अट एकच, भिंतीवरचं बटण चालू हवं.

आणि आमच्या घरात भिंतीवरचं बटण चालू राहत नाही. रात्री साडेदहाला सासूबाई एक फेरी मारतात. गिझर, टीव्ही, मिक्सर, वायफायसुद्धा. महावितरणला एक युनिट फुकट जाऊ द्यायचं नाही हा बाणा आहे, आणि खरं सांगायचं तर मीही गेली पंचवीस वर्षं तशीच वागत आलेय. म्हणजे दीड महिना हा मॉनिटर रोज दहा-बारा तास राबत होता आणि त्याला एकदाही ही क्रिया करू दिली गेली नव्हती. वर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा तर तो मधेच डोळे मिटायचा. घाबरून पूर्ण पडदाभर गडद करडा रंग लावून अंधारात बघितलं. भुताटकी असेल तर अशा करड्यावर पहिल्यांदा दिसते. सुदैवानं काही नव्हतं. वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि माझ्या मॉडेलला तीत असे डाग धरलेले आहेत, बिल मात्र जपून ठेवलंय.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि मराठीत काम करणाऱ्यांनी वाचावंच, ते.

सरकण्याचा छडा लावताना दीड महिना मी शिरोरेषेकडे इतकं टक लावून बघितलं की आणखी काही दिसायला लागलं. पांढऱ्या पानावरच्या काळ्या शिरोरेषेला वरून फिक्कट गुलाबी-जांभळी कड आणि खालून हिरवट. आधी वाटलं, हाही कसला तरी शिफ्टच. तसं नाही. नेहमीच्या मॉनिटरमध्ये एका ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे तीन कण शेजारी शेजारी उभे असतात. माझ्या पडद्याची जात क्यूडी-ओएलईडी, जी मॉनिटरांत २०२२ पासून आली. तिच्यात हिरवा कण वर आणि लाल-निळे खाली असा त्रिकोण असतो. त्यामुळे आडव्या रेषेच्या वर पांढरा रंग संपतो तो लाल-निळ्यावर, आणि रेषेच्या खाली सुरू होतो तो हिरव्यापासून. इंग्रजी अक्षरांत लांब आडव्या रेषा कमीच, ई, टी अशा काही अक्षरांपुरत्या. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक सलग आडवी रेघ. म्हणजे या पडद्याचा जो दोष इंग्रजीला चिमटीभर लागतो तो देवनागरीला ओळीओळीला लागतो. यूट्यूबवर तासतासभर परीक्षणं करणाऱ्यांपैकी कुणी यावर देवनागरी मजकूर लावून बघितल्याचं माझ्या तरी बघण्यात आलेलं नाही.

सगळ्यांना दिसेल असं नाही. नवऱ्याला दाखवलं, त्याला दिसलं नाही. भाच्याला दिसलं, पण तो म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून दिसतंय." हातभर लांब बसलात आणि अक्षर मोठं असेल तर डोळा सवय करून घेतो. बारा पॉइंटचा मजकूर आठ तास वाचायचा असेल तर मात्र डोकं दुखतं. विंडोजचं क्लिअरटाइप हे शेजारी शेजारी कण धरूनच अक्षराच्या कडा रंगवतं, त्यामुळे ते बंद करून बघितलं. ब्राउझरमध्ये थोडा फरक पडला, पण त्रिकोण तो त्रिकोणच.

आणि एक किरकोळ. माझी खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी चारला पडद्यावर उजेड आला की तो प्रसिद्ध काळा रंग जांभळट राखाडी होतो. पडदे लावले की परत काळा.

सध्याची व्यवस्था अशी. जुना आयपीएस माळ्यावरून खाली काढला आणि समोर ठेवला. पानं लावणं, प्रुफं, शिरोरेषा, सगळं त्यावर. ओएलईडी डावीकडे, तिरका. त्यावर मुखपृष्ठं, फोटो, आणि रात्री नवऱ्याची क्रिकेटची क्षणचित्रं. विंडोजची पट्टी आपोआप लपेल अशी ठेवलीय, मागचं चित्र साधं काळं. फट कुठल्या बाजूला आहे हे मी अजूनही नकळत बघतेच.

पाचपैकी किती म्हणाल तर मुखपृष्ठांसाठी साडेचार, मजकुरासाठी दोन, आणि त्या घडीच्या कागदाला शून्य. फोटो, व्हिडिओ, गेम करणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा, पिक्सेल शिफ्ट कसा वागतो ते विचारून. मराठी मजकूर हेच ज्यांचं पोट आहे त्यांनी बावन्न हजारांत दोन चांगले आयपीएस घ्यावेत आणि उरलेल्या पैशांत बरी खुर्ची.

भिंतीवरच्या बटणाचं सांगायचं राहिलं. त्यावर मी ७२ पॉइंटात छापलेली चिठ्ठी चिकटवलीय, 'हे बटण बंद करू नये'. पहिल्या रात्री सासूबाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा लावून परत वाचली आणि मला हाक मारली. "अगं, 'करू'चा रू पहिला की दुसरा?" दुसराच होता, मी बरोबर छापला होता. बटण त्यांनी बंद केलं नाही. वायफाय केलं.